घरी जोडलेलं पिस्तूल

सुशांतला कुठलीही वस्तू तयार विकत आणणं जिवावर येतं, हे उल्का चारचौघांत हसत सांगायची. घरातलं जेवणाचं टेबल त्याने गॅरेजमध्ये स्वतः बनवलं होतं, मागच्या डेकचे कठडे स्वतः बसवले होते, लेकीने कॉलेजला नेलेला कॉम्प्युटरही सुटे भाग आणून जोडला होता. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत नवी यंत्रं भरवशाने चालतात की नाही हे तपासणं, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. नागपूरहून आलेला हा माणूस पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या कॅरी गावात चांगला रुळला होता, पण ‘चालतंय’ हा शब्द त्याच्या तोंडून सहजासहजी बाहेर पडत नसे.

त्यामुळे त्याने पिस्तूलही सुट्या भागांचंच मागवलं, तेव्हा उल्काला नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

पिस्तुलापर्यंत गोष्ट गेली ती ग्रँट टॉलिव्हर नावाच्या माणसामुळे. उल्का घरं विकून देण्याचं काम करायची. टॉलिव्हर तिचा ग्राहक. त्याने आणि त्याच्या बायकोने एक घर पसंत केलं, सगळं ठरलं, आणि अगदी शेवटच्या आठवड्यात बँकेने त्याचं कर्ज नाकारलं. घर दुसऱ्यांना गेलं. उन्हाळ्यात बायकोही त्याला सोडून गेली. या सगळ्याला उल्काच जबाबदार आहे, तिनेच बँकेला काहीतरी सांगितलं, असं त्याने मनाशी घेतलं. आधी मेसेज आले. मग विकायचं घर लोकांना बघायला खुलं ठेवायच्या तिच्या प्रत्येक ओपन हाउससमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्याचा करडा पिकअप ट्रक दिसायला लागला. तो उतरायचा नाही, बोलायचा नाही. नुसता काच खाली करून बसायचा.

पोलिसांनी तक्रार घेतली. कोर्टाने त्याला उल्कापासून लांब राहायचा आदेश दिला. त्यानंतर काही दिवस ट्रक दिसला नाही, आणि मग एका दुपारी पुन्हा दिसला, फक्त जरा लांब, वळणापाशी.

“कोर्टाचा कागद काय त्याचा हात धरणार आहे?” सुशांत म्हणाला. “तू रिकाम्या घरात एकटी असतेस, उल्का. दार उघडं टाकून.”

“म्हणून पिस्तूल? तुला गाड्यांचे हॉर्न वाजले तरी दचकायला होतं.”

“माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी.”

दोघंही आता अमेरिकेचे नागरिक झाले होते, त्यामुळे कायद्याची आडकाठी नव्हती. पिस्तुलाची नंबर घातलेली चौकट त्याने रीतसर दुकानातून, तपासणी होऊन आणली. बाकीचं किट एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घरपोच आलं: नळी, स्प्रिंगा, बारीक पिना, आणि वरचा मागेपुढे सरकणारा लोखंडी भाग, ज्याला सगळे स्लाइड म्हणतात. 

“तयार का नाही घेतलंस?” उल्काने विचारलं.

“तयार वस्तूच्या आत कुणी काय कोंबलंय ते मला दिसत नाही. हे मी प्रत्येक भाग हातात धरून जोडणार. बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून तर.”

तिने चहा करून गॅरेजमध्ये नेऊन दिला, आणि दार लावून घेतलं.

नेमबाजीची रेंज गावाबाहेर होती. तिथे शिकवणारी मुलगी मराठी निघाली, रीमा. इथेच जन्मलेली, काही वर्षं सैन्यात काढलेली, केस अगदी बारीक कापलेले. उल्काने आधी तिच्याकडे कोर्स केला, परवाना मिळवला. रेंजच्या भाड्याच्या पिस्तुलाने तिला बरं जमायला लागलं होतं. आवाजाची भीती गेली नाही, पण नेम बसायला लागला. मग एका शनिवारी सुशांतने आपलं पिस्तूल आणलं.

पहिल्या दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्या वेळी रिकामी पुंगळी बाहेर पडताना मध्येच अडकली आणि स्लाइडच्या फटीत धुराड्यासारखी उभी राहिली. रीमाने पिस्तूल घेतलं, नळी समोर ठेवून अडकलेली पुंगळी झटकली, परत दिलं. थोड्या वेळाने नवं काडतूस आत जाताना तिरकं बसलं आणि स्लाइड अर्ध्यावर थांबली. मग चाप ओढल्यावर नुसताच ‘टक’ आवाज आला.

“हलवू नका काकू!” रीमा ओरडली. “समोरच धरा. थांबा. कधीकधी लेट फायर होतं.”

उल्का श्वास रोखून उभी राहिली. समोरच्या कागदाकडे रोखलेलं ते जड, मुकं लोखंड आता फुटेल, मग फुटेल, असं वाटत राहिलं. फुटलं नाही. रीमाने हळूच तिच्या हातातून ते काढून घेतलं, तेव्हा उल्काच्या ब्लाउजची पाठ घामाने चिकटली होती.

“नवीन असताना थोडं अडकतं,” सुशांत म्हणाला. “स्प्रिंग टाइट आहे. ब्रेक-इन व्हायचंय, वापरून मोकळं होईल.”

“काका, मे बी,” रीमा म्हणाली. “पण आत्ता हे काकूंनी कॅरी करू नये. ज्या पिस्तुलाबद्दल तुम्हाला क्वेश्चन आहे, ते घरी ठेवा. त्या वेळी विचार करायला टाइम नसतो.”

सुशांत हसला, पण त्याचे कान लाल झालेले उल्काने पाहिले.

त्यानंतर शनिवार-रविवार गॅरेजमधला दिवा काही मालवेना. सुशांतने स्प्रिंगा बदलल्या, काही भाग परत पाठवून दुसरे मागवले, दोन-तीन तऱ्हेची काडतुसं वापरून पाहिली. रेंजवर जाऊन यायचा आणि जेवताना गप्प बसायचा, किंवा अचानक खूप बोलायचा. एका खेपेला बरं चालायचं, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दोष ठरावीक ठिकाणी असता तर त्याने पकडला असता, पण तो दरवेळी जागा बदलत होता. कंपनीत असं यंत्र आलं असतं तर त्याने डोळे झाकून परत पाठवलं असतं. 

“साधं दुकानातलं घे ना एक,” उल्का एकदा म्हणाली. “रीमा निवडून देईल.”

“म्हणजे माझ्याच्याने झालं नाही, असं?”

“मी तसं म्हटलं का?”

“दोन आठवडे दे मला.”

एप्रिलमध्ये, सगळ्या गाड्यांवर पाइनच्या फुलोऱ्याची पिवळी पूड बसली होती त्या दिवसांत, तो रेंजवरून शीळ घालत आला. त्या दिवशी एकदाही अडकलं नव्हतं. त्याने पिस्तूल पुसलं, काडतुसांनी भरलेलं मॅगझिन शेजारी ठेवलं आणि तो शब्द उच्चारला.

“चालतंय.”

उल्काने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तो असा लख्ख दिसत होता. नाही म्हणणं तिला जमलं नाही. मॅगझिन बसवलेलं पिस्तूल तिच्या खांद्याच्या बॅगेत गेलं, चेन असलेल्या वेगळ्या कप्प्यात. फक्त एक गोष्ट तिने त्याला सांगितली नाही. रीमाने दोन्ही पद्धती शिकवल्या होत्या, काडतूस नळीत चढवून ठेवायची आणि न चढवता ठेवायची. उल्का न चढवताच ठेवायची. जे वेळेला फुटत नाही ते नको त्या वेळी फुटलं तर, ही धाकधूक तिच्या मनातून जाईना.

मग एका रविवारी दुपारी तिचं ओपन हाउस होतं. रिकामं पडलेलं मोठं घर, विक्रीसाठी भाड्याच्या फर्निचरने सजवलेलं. ओव्हनमध्ये कुकीज भाजून तिने घरभर वास भरला होता, ओट्यावर नुसते शोभेचे पांढरेशुभ्र टॉवेल घडी करून ठेवले होते. चांगली गर्दी झाली. शेवटचं जोडपं लहान बाळाला घेऊन वरच्या खोल्या बघून आलं, आभार मानून गेलं. उल्काने फुगे लावलेली पाटी आत आणायचं ठरवलं आणि ती स्वयंपाकघरातून वळली.

दारात टॉलिव्हर उभा होता.

त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. घर बघायला आलेल्या माणसासारखा. त्याने मागे हात नेऊन दार लावलं आणि कडी फिरवली. कडी खट्टकन बसली.

“ग्रँट, तुम्ही इथे येऊ शकत नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं. “कोर्टाचा आदेश आहे.”

“मला फक्त बोलायचंय. कुणी माझं ऐकूनच घेत नाही.” तो पुढे आला. “छान घर आहे. आमचंही असंच होतं ना? असाच ओटा होता.”

बॅग स्वयंपाकघराच्या मधल्या ओट्यावर होती, हाताच्या अंतरावर. फोन मात्र लांब, कुकीजच्या ताटाशेजारी. उल्काचा हात बॅगेकडे सरकला, बोटांना चेन लागली. बाकीचं सगळं तिने शेकडो वेळा केलं होतं: चेन उघड, मूठ धर, स्लाइड ओढ. आणि तिथेच तो प्रश्न आडवा आला. चालेल का? ओढली आणि अर्ध्यावर थांबली तर? रोखलं आणि नुसतं ‘टक’ झालं तर? हातात न चालणारं पिस्तूल घेऊन संतापलेल्या माणसासमोर उभं राहायचं? सुशांतचा लख्ख चेहरा आठवला, आणि त्याच्यामागे रीमाचा. क्षणभरच ती थांबली असेल.

टॉलिव्हरने तिच्या हाताकडे पाहिलं. दोन ढांगांत तो ओट्यापाशी आला आणि बॅग हिसकावून घेतली.

“काय आहे यात?” त्याने कप्पा उघडला. पिस्तूल बाहेर आलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यालाही हे अपेक्षित नव्हतं. “तू मला मारणार होतीस?” आवाज एखाद्या लहान मुलासारखा फुटला. “मी बोलायला आलो, आणि तू मला मारणार होतीस?”

“नाही. ग्रँट, ते खाली ठेवा. मी ऐकते. बसा, मी ऐकते.”

“आता ऐकतेस!”

त्याने पिस्तूल तिच्यावर रोखलं. त्या काळ्या भोकाकडे बघताना उल्काला आजूबाजूचं काही ऐकू येईना. त्याने चाप ओढला. काहीच झालं नाही. नळीत काडतूसच नव्हतं. त्याने खरंच मारायला ओढला की हात थरथरून ओढला गेला, हे तिला पुढे कितीतरी जणांनी विचारलं, पण ती सांगू शकली नाही. त्याने एकदा पिस्तुलाकडे पाहिलं, मग डाव्या हाताने स्लाइड मागे ओढली आणि सोडली.

स्लाइड पुढे आली आणि अर्ध्यावर थांबली.

तिरकं बसलेलं पिवळं काडतूस उल्काला इतक्या लांबूनही दिसलं. टॉलिव्हरने मान खाली घातली, तळहाताने मागून ठोकायला लागला. ती पळाली. पुढच्या दाराला कडी होती, म्हणून गॅरेजकडे. अंधाऱ्या गॅरेजमध्ये भिंतीवरचं बटण चाचपडून दाबलं. मोठं दार कुरकुरत वर जाऊ लागलं, जीव जाईल इतकं सावकाश. ती गुडघ्यांवर बसून त्याच्या खालून सरपटत बाहेर पडली, उठली, शेजारच्या घराकडे धावली.

मागून स्फोटासारखा आवाज आला.

ती गवतावर कोसळली. आपल्याला गोळी लागली असं वाटून तिने पाठ चाचपली, पोट चाचपलं. काही नव्हतं. मग घरातून किंचाळी ऐकू आली. पुरुषाची.

शेजारचे वयस्कर गृहस्थ बाहेर आले होते. त्यांच्या मोबाइलवरून उल्काने पोलिसांचा ९११ नंबर लावला. काय सांगितलं ते तिला नीट आठवत नाही. पलीकडची बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, आत जाऊ नका, पोलीस निघालेत. आतला आवाज आता किंचाळण्याचा राहिला नव्हता. टॉलिव्हर आईला हाक मारत होता.

उघड्या गॅरेजमधून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. उल्का त्या दारापर्यंत गेली आणि भिंतीआड उभी राहून ओरडली, “पिस्तूल कुठे आहे?”

“फेकलं... फेकलं मी. माझा पाय...”

तिने डोकावून पाहिलं. पिस्तूल डिशवॉशरपाशी पडलं होतं, त्याच्यापासून लांब. तो ओट्याला टेकून बसला होता आणि त्याच्या मांडीखाली रक्ताचं थारोळं वाढत होतं. ठोकताना त्याचं बोट चापावरच राहिलं होतं. स्लाइड अचानक बसली आणि गोळी सुटली.

जायचं की नाही, असा विचार तिने केला नाही, असं तिने नंतर सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. तिने केला. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, आणि हा मेला तर उद्यापासून ट्रक दिसणार नाही, हा विचार तिच्या मनात स्वच्छ येऊन गेला. मग तिने ओट्यावरचे ते पांढरे टॉवेल उचलले, सगळेच, आणि गुडघे टेकून त्याच्या मांडीवर दाबून धरले. शेजाऱ्यांचा फोन खांद्यात धरून ती पलीकडच्या बाईचं ऐकत होती. अजून जोरात. सगळं वजन टाका. त्याचा पट्टा काढून वर आवळा. टॉलिव्हर तिच्याकडे बघत होता, ओठ हलत होते, पण ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. सायरन ऐकू आला तेव्हाही तिने हात काढले नाहीत. पोलिसाला ते धरून सोडवावे लागले.

सुशांत पोचला तेव्हा रस्त्यावर पिवळी पट्टी लागली होती. उल्का रुग्णवाहिकेच्या पायरीवर ब्लँकेट पांघरून बसली होती, कोपरापर्यंत रक्ताने माखलेली.

“माझं नाही,” ती म्हणाली. “माझं नाहीये रक्त.”

त्याने तिला घट्ट धरलं. तिने तुटक तुटक सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि मग अगदी हळू आवाजात, जणू दुसराच कुणी विचारतोय तसं, त्याने विचारलं, “स्लाइड ओढल्यावर... पूर्ण बसली नाही? काडतूस वर तोंड करून होतं की खाली?”

उल्काने त्याच्याकडे पाहिलं. 

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “सॉरी. सॉरी, उल्का. मी काय विचारतोय...”

“मला घरी ने.”

पोलिसांच्या सगळ्या चौकशा आटपून निघायला बराच वेळ लागला. घराच्या ड्राइव्हवेत गाडी उभी केल्यावर सुशांतने चावी फिरवली, पण उतरला नाही.

“मी म्हटलं होतं चालतंय,” तो म्हणाला.

“हो.”

“मला माहीत होतं तसं नाहीये ते. एक दिवस नीट चाललं म्हणजे चालतंय असं होत नाही. रोज हेच सांगतो मी ऑफिसात पोरांना. पण मला हरायचं नव्हतं, यार. एका खोक्यातल्या लोखंडासमोर.”

उल्काने समोरच्या गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. “माझा हात बॅगेवर होता, सुशांत. मी थांबले. चालेल की नाही, हा विचार करत थांबले, आणि तेवढ्यात त्याने बॅग घेतली.”

त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं.

“आणि ते नीट चालणारं असतं, तर त्याच्या हातात गेल्यावरही नीट चाललं असतं. मग मी आत्ता इथे नसते. किंवा मी थांबलेच नसते, आणि मग तो नसता. मी सगळं फिरवून फिरवून बघितलं. मला त्यातून काही कळत नाही. तू पण शोधत बसू नकोस.”

तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. हात तीनदा धुऊनही नखांत लाल राहिलं होतं.

टॉलिव्हर वाचला. पायात लंगडेपणा राहिला. त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बाहेरच्या खोलीत त्याची बहीण उल्काजवळ आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतीच तिचा दंड दाबून निघून गेली. उल्का त्या दिवशी दुपारभर कामाला लागू शकली नाही.

पिस्तूल पोलिसांकडे होतं. खटला संपल्यावर तपास करणाऱ्या डिटेक्टिव्ह बाईंचा सुशांतला फोन आला: परत हवंय का, की नष्ट करायचं? तो ओट्यापाशी भाजी चिरत होता. उल्काने त्याच्याकडे पाहिलं. “नष्ट करा,” तो म्हणाला, आणि थोडं थांबून, “ते बिघडलेलं आहे. कुणाला देऊ नका.”

रीमा एकदा घरी येऊन गेली. दुसरं पिस्तूल निवडायला मदत करते म्हणाली. उल्काने तिला पोहे खाऊ घातले आणि सांगितलं, अजून ठरवलेलं नाही. रीमाने पुन्हा विषय काढला नाही.

काम मात्र उल्काने सोडलं नाही. पहिले काही रविवार तिच्या ऑफिसातली पद्मिनी सोबत यायची. तिला जमेना झालं तेव्हा सुशांत यायला लागला. तो ग्राहकासारखा घरात फिरायचा, नळ उघडून बघायचा, खिडक्या वरखाली करायचा. एका रविवारी उल्का एका बाईंना दिवाणखाना दाखवत होती, तेवढ्यात वरून त्याचा खणखणीत आवाज आला, “या बाथरूमच्या खालचा वासा वाकलाय! हे चालायचं नाही!”

त्या बाई घाईने निघून गेल्या. उल्का जिन्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सुशांत, खाली ये.”

तो हातातली मोजायची टेप गुंडाळत खाली आला.

“खरंच वाकलाय,” तो म्हणाला.

“असेल. तू बाहेर डेकवर बस. दार उघडं ठेव, म्हणजे मला तू दिसशील.”

तो जाऊन बसला. उल्काने पुढच्या जोडप्यासाठी दिवे लावले.